तुझ्या भावोजींचं ऑपरेशन

प्रिय धाकट्या,

आधी तुझ्या भावोजींच्या प्रकृतीबद्दल लिहिते, कारण तिची सर्वांत जास्त काळजी तुलाच लागून राहिली असणार. हृदयाची झडप बदलण्याचं मोठं आणि तातडीचं ऑपरेशन ज्यांचं ठरलेलं आहे, असे हे गृहस्थ आज सकाळपासून शिडीवर चढून व्हरांड्याच्या छताला रंग देत आहेत. मी खालून शिडी धरायला गेले, तर म्हणाले, "तू बाजूला हो, तुझ्यामुळेच पडेन." डोक्यावर रुमाल बांधलाय, नाकावर पांढरा ठिपका आहे आणि आवाज सुटलाय गाण्यात. गेल्या वर्षभरात ते डॉक्टरकडे एकदाच गेले, तेही कानातला मळ काढायला. तेव्हा तू निश्चिंत राहा. तुझा आजारी माणूस ठणठणीत आहे.

फोन तू सारखे करतो आहेस, ते मला दिसतं आहे. माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं, कान शाबूत आहेत. मी मुद्दाम उचलत नाही. उचलला की तू म्हणणार, "ताई, आधी शांतपणे ऐकून तर घे," आणि मी ऐकून घेणार, आणि फोन ठेवेपर्यंत चूक माझीच आहे असं मला वाटायला लागणार. ही तुझी लहानपणापासूनची हातोटी आहे, तिच्यावर तू घर बांधलंस, गाडी घेतलीस आणि गिऱ्हाइकं जमवलीस. कागदाला मात्र तुला मध्येच तोडता येत नाही. म्हणून कागद.

माझ्या खात्यात ती मोठी रक्कम आली तेव्हा मी कंपनीचा सल्लागार म्हणून तुला लगेच विचारलं होतं, आठवतं? निवृत्त होताना मी ठरवून दिलं होतं, की मागे ठेवलेला माझा पगार कंपनीने दहा वर्षांत, दरवर्षी एक हप्ता असा द्यावा. दोन हप्ते आले. मग एके दिवशी उरलेलं सगळंच एकदम येऊन पडलं. तू म्हणालास, कंपनीचं नवं धोरण आहे, सगळ्या निवृत्तांचा हिशेब मिटवताहेत. महिन्याभरात कंपनीने सगळ्यांचेच पैसे देणं थांबवलं आणि न्यायालयाने तिथे व्यवस्थापक नेमला, तेव्हा मी तुला पुन्हा फोन केला. तू हसलास. म्हणालास, "बघ, नशीब काढलंस!" मी म्हटलं, ते धोरण मला वाचायचं आहे, पाठव. तू म्हणालास, पाठवतो. अजून पाठवतोच आहेस.

धोरण मला शेवटी खोकेवाल्या बाईंकडून कळलं. तुला त्या माहीत नसतील. तुझी ये-जा वरच्या मजल्यावर, त्यांची मागच्या फाटकाने. आपल्या कंपनीच्या काचेच्या बाटल्या ज्या खोक्यांतून जायच्या, ती खोकी पुरवणाऱ्या ह्या बाई. खरेदी खात्याची प्रमुख म्हणून माझा त्यांच्याशी वीस वर्षांचा व्यवहार, आणि वीस वर्षांचं भांडण. पुठ्ठा पातळ निघाला की मी पूर्ण ट्रक परत पाठवायची आणि त्या फोनवर मला ऐकवायच्या, "मॅडम, तुमच्या शाळेत माणुसकीचा तास नव्हता का हो?" मी म्हणायची, होता, पण त्यात पातळ पुठ्ठा चालत नव्हता. अशी आमची मैत्री.

तर ह्या बाई मागच्या आठवड्यात दुपारी दारात उभ्या. हातात फळांची पिशवी. दार उघडलं तुझ्या भावोजींनी, अर्ध्या चड्डीत, हातात ब्रश. त्यांनी विचारलं, "पेशंट कुठल्या खोलीत आहेत?" भावोजी म्हणाले, "कोण पेशंट?" मी आतून बाहेर येईपर्यंत बाईंचा चेहरा तीनदा बदलला होता. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, कोणाला भेटायला आलात? मग त्या बोलल्या. सहा महिन्यांची त्यांची बिलं अडकली आहेत. कंपनी बंद पडायच्या आधी त्या रोज हिशेब खात्यात जाऊन बसत. शेवटी तिथल्या आपल्या चष्मेवाल्यांनी त्यांना हळूच सांगितलं, की जे काही शिल्लक होतं ते आजारपणांत गेलं, मॅडमच्या यजमानांचं हृदयाचं ऑपरेशन आहे, त्यांना आधी द्यावं लागलं. बाई मला म्हणाल्या, "ऑपरेशनसाठी गेले म्हटल्यावर मी काय बोलणार? म्हटलं, जाऊ दे. जीव आधी, खोकी नंतर." आणि मग शिडीकडे बघून, "मॅडम, तुमचं बरं आहे. तुमच्याकडे आजारपणसुद्धा वेळेवर येतं."

तुझे भावोजी ब्रश हातात धरून तसेच उभे. रंग फरशीवर ठिबकत होता. शेवटी तेच म्हणाले, "मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं हो. मी निदान झोपून तरी राहिलो असतो." त्यांचा तो वेंधळा विनोद ऐकून बाईंना हसू आलं, आणि हसता हसता त्या रडायला लागल्या. त्यांच्या कारखान्यात चौदा बायका कामाला आहेत, धाकट्या. होत्या. जाताना त्यांनी फळांची पिशवी तशीच टेबलावर ठेवली. मी परत द्यायला गेले तर म्हणाल्या, "राहू द्या. एवढी लांबून मी फळं परत नेत नाही. ट्रक परत पाठवायची सवय तुमची."

त्या गेल्यावर मी चष्मेवाल्यांना फोन लावला. बिचारा माणूस आधी माझ्या यजमानांची चौकशी करू लागला. मी म्हटलं, ते छतावर आहेत. त्यांना वाटलं, मी देवाघरी म्हणते आहे. तो गोंधळ निस्तरल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. ठेवलेला पगार मुदतीआधी काढायला एकच वाट आहे: घरावर अचानक मोठं संकट कोसळलं आणि दुसरीकडून पैसा उभा राहत नसला, तर. ही वाट बारा वर्षांत कोणी चालून पाहिली नव्हती. आणि त्या एका महिन्यात सहा साहेबांवर आणि सातव्या माझ्यावर, एकदम आभाळ कोसळलं. मोठ्या साहेबांच्या घराचं छप्पर गेलं. मी परवा मुद्दाम वाट वाकडी करून बघून आले. छप्पर आहे, वर एक नवी गच्चीसुद्धा आहे. विक्रीच्या साहेबांच्या सासूबाईंना अर्धांग झालं. ह्या सासूबाई मला बागेत भेटतात, मला मागे टाकून चालतात आणि वर म्हणतात, "दमलीस का गं?" उत्पादनाच्या साहेबांच्या घरी आग लागली. लागली खरी, पालापाचोळ्याला, त्यांनी स्वतःच लावली होती. सगळ्यांचे अर्ज एकाच माणसाने केलेले. भाषा एकच, सुबक, करुण. "कुटुंबावर ओढवलेल्या अनपेक्षित प्रसंगामुळे." चष्मेवाल्यांनी पाठवलेल्या नकला वाचताना मला तुझा निबंध आठवला, चौथीतला, आपल्या मेलेल्या कुत्र्यावर. आपल्याकडे कुत्रा कधीच नव्हता. बक्षीस मिळालं होतं तुला.

आणि माझा अर्ज तू कसा केलास? माझ्या डोळ्याला पट्टी होती, तेव्हा बँकेची आणि कंपनीची कामं अडू नयेत म्हणून तुला सहीचा अधिकार दिला होता, त्यावर. मला दिसत नव्हतं तेव्हा जो अधिकार दिला, तो मला दिसायला लागल्यावर तू वापरलास, आणि मला दिसू नये अशा बेताने. ह्याला मी काय म्हणू? तुला सुचतात सुबक शब्द. तूच सांग.

तुझं म्हणणं काय असणार ते मला ठाऊक आहे, आणि मला सगळं कळल्याचं चष्मेवाल्यांकडून समजल्यावर तू फोनवरच्या निरोपात ते म्हणूनही ठेवलं आहेस. की कलम आहे, ते वापरलं. की सल्लागाराचं काम गिऱ्हाइकाला वाचवण्याचं. की "ताई, तीस वर्षं घासलीस, तुझ्याच घामाचा पैसा आहे, चोरी कुठली?" घामाचा आहे, अगदी बरोबर. मी त्या कंपनीत टायपिस्ट म्हणून शिरले आणि वरच्या मजल्यावर पोचले, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर कोणीतरी मला चहा आणायला सांगितला आहे. म्हणून तर मला तो पैसा कसा मिळाला ह्याचा राग येतो. घामाचा पैसा असा मागच्या दाराने घरात आला, की त्याला घामाचा वास राहत नाही.

आणि एक गोष्ट तू विसरला असशील, मी विसरलेले नाही. ही योजना आली तेव्हा ती समजावून द्यायला सल्लागार म्हणून तूच आला होतास. तुझी निवड करायची बैठक होती तेव्हा, तू माझा भाऊ म्हणून, मी बाहेर जाऊन बसले होते, कॉरिडॉरमध्ये, झाडाच्या कुंडीशेजारी. तुला घेतलं ते तुझ्या गुणावर. मग पहिल्या दिवशी तू त्या लांब टेबलाच्या टोकाला उभा राहिलास, नवा सूट घालून, आणि फळ्यावर एक मोठा चौकोन काढलास. म्हणालास, ही कंपनी. तुम्ही वरच्या पगाराची माणसं. पगाराचा आणि बोनसचा काही भाग आज घेऊ नका, इथेच राहू द्या, निवृत्तीनंतर घ्या. आज त्यावर कर नाही, तेव्हा उत्पन्न कमी असेल, करही कमी बसेल. सगळे माना डोलवत होते. मग विक्रीच्या साहेबांनी विचारलं, ह्यात धोका काय? तू हातातला पेन खाली ठेवलास. म्हणालास, "धोका हा, की हा पैसा तुमच्या नावाच्या तिजोरीत नाही. तो ह्याच चौकोनात आहे. कंपनी बुडाली, तर तुम्ही बाकीच्या घेणेकऱ्यांबरोबर रांगेत. पुरवठादार, ट्रकवाले, सगळे आणि तुम्ही. म्हणूनच आज कर नाही. रांगेत उभं राहायची तयारी, हीच ह्या सवलतीची किंमत." मला इतका अभिमान वाटला तुझा! मी मनात म्हटलं, माझा भाऊ पोटातलं ओठावर आणतो, लपवत नाही. घरी येऊन तुझ्या भावोजींना तो चौकोन काढून दाखवला, भाजीच्या पिशवीवर.

ती किंमत कबूल करून आम्ही बारा वर्षं सवलत खाल्ली. सातही जणांनी. आणि रांगेत उभं राहायची वेळ आली, तेव्हा तू सातही जणांना बाजूच्या खिडकीशी नेलंस. कुंपणाने शेत खाल्लं असं म्हणतात ना, तसंही नाही हे. कुंपणाने आधी शेताला समजावून सांगितलं, की मी तुला खाणार नाही, आणि त्याची फी घेतली. लहानपणी तू असा नव्हतास रे. शाळेत इंजेक्शन द्यायला नर्स यायच्या, तेव्हा तू रांगेत तुझ्यामागच्या सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचास. "तू जा आधी, तू जा." आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर मला बोलावून म्हणाल्या होत्या, तुझा भाऊ किती उदार आहे. रांगेचं गणित तुला तेव्हापासूनच पक्कं.

त्याच सिस्टर आम्हांला गणित शिकवायच्या. चुकलेल्या उत्तराला त्या अर्धे गुण देत, पद्धत बरोबर असेल तर. पण शेजारणीच्या वहीतून आलेल्या बरोबर उत्तराला शून्य, आणि वर्गाबाहेर. आम्हांला तो अन्याय वाटायचा. तू मला नेहमी चिडवतोस, "ही आमची कॉन्व्हेंटवाली, हिला देव हिशेब तपासतोय असं वाटतं." देवाचं मला माहीत नाही. चष्मेवाले तपासत होते, एवढं नक्की. त्यांना तीन महिन्यांचा पगार मिळालेला नाही आणि तरी त्यांनी खोकेवाल्या बाईंना सांगितलं, की मॅडमच्या घरी अडचण आहे, रागावू नका. माझ्या बाजूने बोलले ते, धाकट्या. मी खोटी आणि ते माझ्या बाजूने.

कंपनी बंद झाली त्या दिवशी मी तिकडे गेले होते, हे मी तुला सांगितलं नाही. काचेची भट्टी कधी विझवत नाहीत. रात्र, सुट्टी, वादळ, काही असो, ती पेटलेली. मी नोकरीला आले त्या दिवसापासून तिचा आवाज इमारतीत होता, इतका, की तो ऐकू येणंच बंद झालं होतं. त्या दुपारी इंधनवाल्याने पुरवठा तोडला आणि ती थंड होऊ लागली. आतली काच गोठली की तीच भट्टी पुन्हा पेटत नाही, फोडावीच लागते. कामगार आवारात उभे होते. मी फाटकाशी उभी राहिले आणि लाजले नाही, कारण मला तेव्हा वाटत होतं, की आपला हिशेब सरळ मार्गाने मिटला आहे. एकाने तर मला स्टूल आणून दिलं. त्या इंधनवाल्याचे किती थकले होते, विचारलंस कधी? मी विचारलं. सात घरांवरचं आभाळ सावरायला जेवढे लागले, त्याच्या निम्म्याहून कमी.

मला आणखी एक विचारायचं आहे. ह्या सहा साहेबांनी काढलेला पैसा गेला कुठे? छपरावर तर गेला नाही. चष्मेवाले म्हणतात, तुझ्याकडेच गुंतवला, तू दरवर्षी त्यावर टक्का घेणार. म्हणजे चौकोनात असताना तुला एकदाच फी मिळाली, चौकोनाबाहेर आल्यावर आयुष्यभर मिळेल. हे मी अजून खरं मानलेलं नाही. तू नाही म्हणशील, ह्याची मी चार दिवस वाट पाहिली. तुझ्या निरोपांत कलम आहे, कायदा आहे, माझं वय आहे, माझा रक्तदाब आहे. "नाही" हा शब्द नाही.

वहिनीशी मी ह्यातलं काही बोललेले नाही. तिला तू सांग. आणि आईचं नाव ह्यात आणू नकोस. "आई असती तर तुला हे पटलं नसतं का," हे तुझ्या शेवटच्या निरोपातलं वाक्य मी तीनदा ऐकलं. आईने शिलाई मशीन चालवून मला फीच्या शाळेत घातलं आणि उधारीच्या दुकानासमोरून कधी मान खाली घालून गेली नाही. ती असती तर तुला पत्र आलं नसतं. ती स्वतः आली असती, आणि भर ऑफिसात, तुझ्या त्या काचेच्या खोलीत, तुझा कान धरला असता.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. माझ्या नावावर आलेला पैसा मी काल न्यायालयाच्या व्यवस्थापकाकडे परत भरला आणि रांगेत माझं नाव लावलं. किती मिळेल, कधी मिळेल, देव जाणे. भावोजींनी रंगाचा दुसरा हात रद्द केला आहे, एका हातात भागवू म्हणतात. पैसे परत का करता, असं व्यवस्थापकाने विचारलं, तेव्हा मी खरं कारण सांगितलं. माझ्यापुरतं. अर्ज कोणी केला, ते गुरुवारी घेणेकऱ्यांच्या बैठकीत सांगेन असं म्हटलं, आणि तुझा सहीचा अधिकार तिथेच रद्द केला. त्या बैठकीत सगळ्यांच्या वतीने बोलायला एक माणूस कालच, तिथे जमलेल्या घेणेकऱ्यांतून, निवडायचा होता. खोकेवाल्या बाईंनी माझं नाव सुचवलं. म्हणाल्या, "ह्यांनी माझे ट्रक परत पाठवलेत, ह्या पैसेही परत आणतील." तेव्हा सहाही घरांकडून पैसे परत मागायचं काम आता माझं आहे, आणि ते मला तुझं नाव घेतल्याशिवाय करता येणार नाही. मी ते घेणार आहे. स्पष्ट, मोठ्याने, "माझा धाकटा भाऊ" असं म्हणून. ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र. माझ्याआधी उठून तू स्वतः सांगितलंस, तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन, आणि लोक तुला जे बोलतील ते निम्मं मी ऐकेन. नाही सांगितलंस, तर मी समोर उभी असेन, आणि तेव्हाही तू माझा भाऊच असशील, तेच जास्त कठीण आहे. वहिनीचा निरोप आहे, की रविवारी तुम्ही दोघं जेवायला येता आहात. रविवारी येऊ नकोस. गुरुवारी ये.

समोर असले तरी तुझीच,
ताई